मंदाताईंची रापण

मंदाताईंची आणि माझी पहिली भेट आंब्याच्या पेट्यांमध्ये झाली. मुंबईची नोकरी सोडून मी देवगडला घरी परतलो होतो. इथेही सॉफ्टवेअरचे काम मिळते असे कोणी सांगितले, तेव्हा सांगणारा आपली थट्टा करतो आहे असेच मला वाटले. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर समोर कलमांची बाग, बागेत आंबा भरायची लांबलचक शेड, आणि शेडमध्ये पेंढ्याच्या ढिगाशेजारी बसून पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या एक बाई. "मंदाकिनी पुजारे मॅडम कुठे भेटतील?" असे मी त्यांनाच विचारले.

"भेटल्या. बसा," त्या म्हणाल्या. हातातले काम काही थांबले नाही. मग माझ्या शिक्षणाचे, अनुभवाचे काहीही न विचारता त्यांनी विचारले, "तुमच्या वाडीत एका नावाची दोन माणसं आहेत का?"

"तीन बाबू आहेत," मी म्हणालो.

"मग हाक कशी मारता?"

"वरच्या घरातलो बाबू, खालच्या घरातलो बाबू आणि होडयेवयलो बाबू."

"झालं तर. आमचं अर्धं काम तुम्हाला येतंच. उरलेलं शिकवीन. आता त्या पेट्या तेवढ्या आत घ्या."

मुलाखतीसाठी मी भलेमोठे शब्द पाठ करून गेलो होतो. ते सगळे तोंडातच राहिले आणि मी पेट्या आत घेतल्या. त्या दिवसापासून आजतागायत मी मंदाताईंच्या हाताखाली आहे.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मला लिहायला सांगितले तेव्हा मी एक प्रसंग लिहू का, असे संपादकांना विचारले. त्यात ताईंच्या हातून एक मोठी चूक झाली होती. गौरवग्रंथात ते बरे दिसेल का, अशी शंका संपादकांनी काढली, आणि ती रास्त होती. ताईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की तो प्रसंग नसेल तर हा लेखही नको. त्यामुळे वाचकांनी आधीच जाणून असावे की पुढे मिठबावच्या एका वृद्ध गृहस्थांच्या आवाजाची गोष्ट येणार आहे. तो आवाज ताईंमुळे जवळजवळ कायमचा गेला होता.

तिकडे वळण्याआधी ताईंचे काम काय, ते सांगतो. कोणताही प्रोग्राम एका फाइलीत मावत नाही. तो पुष्कळ तुकड्यांत लिहिलेला असतो, आणि ते तुकडे योग्य क्रमाने जुळवून त्यांतून चालता प्रोग्राम उभा करणारे एक अवजार लागते. ताईंनी असे एक अवजार तयार केले. ते कोणालाही फुकट वापरता येते आणि लांबलांबचे लोक ते वापरतात. जुळणी ऐकायला सोपी वाटते, पण तोच प्रोग्राम विंडोजवर, लिनक्सवर आणि मॅकवर अशा तिन्ही ठिकाणी उभा राहायला हवा असतो. शेडच्या टोकाच्या खोलीत, जिला आम्ही कार्यालय म्हणतो, ताईंनी हे तीन संगणक एकाच टेबलावर मांडले आहेत. एका घरात आलेल्या तीन सुनांसारखे ते आहेत, असे त्या म्हणतात: स्वयंपाक एकच, पण प्रत्येकीची माहेरची रीत वेगळी.

फाइलींच्या नावांच्या बाबतीत तर या रीती फारच वेगळ्या. एका ठिकाणी मोठ्या लिपीतले आणि लहान लिपीतले इंग्रजी नाव एकच धरतात, दुसऱ्या ठिकाणी ती दोन निराळी नावे. एका ठिकाणी काही नावे ठेवायलाच बंदी. विंडोजवर चालत्या प्रोग्रामच्या नावाला शेवटी एक शेपूट जोडतात, लिनक्सवर ते लागत नाही. या शेपटाचे एवढे काय, असे मलाही वाटायचे. पण त्याचा परिणाम असा, की विंडोजवर एका नावाचा प्रोग्राम आणि त्याच नावाचे फोल्डर एका जागी सुखाने राहतात, कारण शेपटामुळे ती नावे वेगळी होतात. लिनक्सवर तीच दोन नावे एक होतात आणि दोघांपैकी एकालाच जागा मिळते. एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजेल.

या अवजाराला ताईंनी 'रापण' हे नाव दिले. त्यांचे माहेर मिठबावचे. तिथल्या किनाऱ्यावर रापणीचे लांबच लांब जाळे समुद्रात गोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूवरून ओढून घेतात. दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीत वाटा, मग तो पाहुणा असो की शाळेतली मुलगी. ताईंनी लहानपणी असे वाटे परकराच्या ओच्यात घालून घरी नेले आहेत. त्या रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्यांना हुकूम देणारे प्रमुख, होते भिकाजी आबा. ताईंच्या माहेरच्या कुंपणापलीकडे त्यांचे घर. आबांचा आवाज असा, की ते किनाऱ्यावर ओरडले की वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, गुरे राखणारा वळून बघायचा. जाळे सोडण्यापूर्वी शेजारच्या संघाची रापण आधीच पाण्यात नाही ना, हे बघायला आबा नेहमी एक माणूस पाठवत. तो परत येऊन सांगेपर्यंत होडी हलायची नाही. कितीही मासळी समोर दिसत असली तरी नाही.

ताईंचा स्वभाव सांगायचा तर त्या कडक आहेत. गौरवग्रंथात सौम्य शब्द वापरायचा असतो, पण मला सुचत नाही. 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरेच फायनल' अशा नावांच्या फाइली कोणी पाठवल्या तर त्या उघडतच नाहीत. "उद्या तू नसलास तर यातली खरी कोणती, हे तुझ्या आईला विचारू का?" असे मला त्यांनी भर कार्यालयात विचारले आहे. ऑफिसात त्या नेहमी प्रमाण मराठीत बोलतात. मालवणीत आल्या की समजावे, आता काही खरे नाही.

आणि तरीही माणसे त्यांना सोडून जात नाहीत. नागपूरच्या एका तरुणाने एकदा रापणीबद्दल इतके वाईट पत्र लिहिले होते की ते मोठ्याने वाचायची सोय नव्हती. त्याचे दोन तुकडे एकमेकांवर बसले होते आणि त्याची बरीच मेहनत फुकट गेली होती. ताईंनी पत्र वाचले, त्याची अडचण दूर करून दिली आणि हंगाम चालू होता म्हणून हापूसची एक पेटी त्याच्या पत्त्यावर रवाना केली. मी रागावलो. शिव्या देणाऱ्याला पेटी, तर चांगले बोलणाऱ्याला काय बाग देणार, असे मी विचारलेसुद्धा. "तो चिडला, कारण त्याचं काम त्याला प्रिय आहे," त्या म्हणाल्या. पुढे त्याच मुलाने रापणीत नावांच्या तपासणीचा एक भाग लिहून दिला. पेटीबद्दल मात्र त्याने कळवले की वरच्या थरातले दोन आंबे उतरले होते. यावर मंदाताई आणि त्यांचे यजमान श्रीधरराव यांच्यात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

स्नेहाचीही गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या प्रसंगात ती आहे. स्नेहा आमच्याकडे काम शिकली आणि लग्न होऊन देवबागला गेली. तिच्या सासरी पाहुण्यांना उतरायला खोल्या आहेत, आणि हंगामात घरातल्या सगळ्यांनी राबावे लागते. सुनेने दुपारभर संगणकापुढे बसणे सासूबाईंना मान्य नव्हते. नोकरी सोडते, असा तिचा फोन आला. दुसऱ्याच आठवड्यात ताई देवबागला गेल्या, नाव न सांगता पाहुण्या म्हणून उतरल्या, सासूबाईंच्या हातचे तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके आणि सोलकढी जेवल्या, रेसिपी विचारून घेतली आणि निघताना ओळख दिली. सासूबाई अवघडून गेल्या. शेवटी ठरले ते असे, की दुपारचे जेवण आटोपले की संध्याकाळच्या चहापर्यंत स्नेहा संगणकाची. तो करार अजून चालू आहे. स्नेहा देवबागला आणि ताई देवगडला, म्हणून दोघींच्या संगणकांवरचे एक फोल्डर इंटरनेटवरून सतत सारखे राहील अशी सोय ताईंनी करून घेतली. एकीने ठेवले की दुसरीकडे दिसे, आणि एकीकडे पुसले की दुसरीकडचेही पुसले जाई.

आबांच्या घशाचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल, असे गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर आबा कधीच बोलू शकणार नव्हते. ही बातमी ताईंना त्यांच्या भावाने सांगितली. त्या शेडमधून तडक आत आल्या आणि म्हणाल्या, "आबांचा आवाज काढून ठेवायचा. आहे तोवर."

कल्पना साधी होती. रोज लागणारी वाक्ये आबांनी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायची. त्यांच्या फोनवर मोठ्या चित्रांची बटणे असतील, आणि बटण दाबले की त्यांच्याच आवाजात वाक्य ऐकू येईल. स्नेहा खास मिठबावला आली. दोन दुपारी तिने आबांसमोर माइक धरला. पाणी, भूक, औषध, पाय दुखतात, पंखा बंद करा, आज बांगडो इलो काय. आबा हौसेने बोलत गेले. सुलोचनाकाकी, त्यांच्या पत्नी, मधूनमधून सुचवत होत्या. दुसऱ्या दुपारनंतर घसा सुजला, आणि शस्त्रक्रियेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले. आबांच्या हाती पाटी-पेन्सिल आली.

हे सगळे स्नेहाने तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर केले. आवाजांच्या फोल्डरला तिने आबांचे नाव दिले आणि प्रोग्रामलाही आबांचेच. तिच्याकडे शेपटामुळे दोन्ही शेजारी शेजारी राहिली. फोनसाठीची जुळणी मात्र ताईंच्या लिनक्सवर व्हायची. ताईंनी देवगडात रापण चालवली. नवीन प्रोग्राम उभा करण्यापूर्वी त्याच नावाचा जुना काढून टाकायचा, असा रापणीचा शिरस्ता होता. तिथे त्या नावाचे जे होते ते रापणीने जुने समजून काढून टाकले. ते आबांच्या आवाजांचे फोल्डर होते. क्षणात ते देवबागलाही पुसले गेले. जादा प्रत आम्ही शनिवारी काढतो, आणि शनिवार अजून यायचा होता.

पुसलेले परत मिळवायचे जे उपाय असतात ते सगळे झाले. हाती लागले ते काही तुटके खरखरीत तुकडे, ज्यांत कोणाचा आवाज आहे हेही ओळखू येत नव्हते. स्नेहा फोनवर रडत होती. एकच नाव दोन्हींना मी दिले, चूक माझी, हे तिचे पालुपद चालू होते. संगणक बिघडला असे आबांना सांगू, म्हणजे कोणालाच वाईट वाटणार नाही, असेही आमच्यातल्या एकाने सुचवले. त्या दिवशी ताई मालवणीत आल्याच नाहीत, आणि म्हणूनच आम्ही जास्त घाबरलो.

"स्नेहा, ऐक," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसाचं नाव दोन ठिकाणी द्यावंसं वाटलं, यात तुझी काही चूक नाही. समोर कोणाची वस्तू आहे हे न बघता ती पुसणारं अवजार मी लिहिलंय. संगणक मुळीच बिघडलेला नाही आणि तसं कोणी सांगायचंही नाही. मी मिठबावला जाते."

मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत त्यांनी डॉक्टरांना फोन केला. खूप विनवण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, एकदाच आणि थोडेच बोलू द्या, घसा दुखला की थांबा. आबा घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले होते, मांडीवर पाटी. ताईंनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. एकही गोष्ट गाळली नाही आणि आपल्या बाजूने एकही शब्द घातला नाही. असे सांगणे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

काकींचा तोल सुटला. "मंदा, तुझ्या त्या मशिनान ह्यांचो आवाज पुसून टाकल्यान?"

"होय काकी. दोष माझो आसा, त्या पोरीचो नाय."

"आता काय करतलंस?"

आबांनी काकींना हाताने गप्प केले आणि पाटीवर सावकाश लिहिले. त्यांनी पाटी ताईंकडे फिरवली तेव्हा मीही वाचली. 'रापण टाकूच्या आधी पाण्यात बघूक नाय गो?'

"बघूक नाय, आबानू," ताई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरलेले त्यांचे डोळे भरून आले. ज्या माणसाची ही रीत त्यांनी लहानपणापासून पाहिली, ज्याच्या जाळ्याचे नाव त्यांनी आपल्या अवजाराला दिले, त्याची तेवढी एक रीतच त्यात घालायची राहून गेली होती.

ताईंनी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. थोडेच बोलता येईल. पाणी, औषध, दुखणे एवढी गरजेची वाक्ये आधी घेऊ, असे त्या म्हणाल्या. आबांनी मान हलवली. पाटी पुसून पुन्हा लिहिले: 'पाणी व्हया ता हातान सांगीन. हात खंय जातले?' तेही पुसले आणि लिहिले: 'पण माणसाक हाक हातान कशी मारतलंय?'

मी माइक धरला. आबांनी पाण्याने घसा ओला केला आणि पहिला शब्द उच्चारला, "सुलोचना." साऱ्या संसारात त्यांनी काकींना 'अगो' या पलीकडे हाक मारली नव्हती. काकी दारात उभ्या होत्या. "ह्या वयात नाव घेतल्यानी!" असे म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मुलगे, सुना, नातवंडे, रापणीवरचे जुने सोबती, गोठ्यातली गाय. प्रत्येक नावानंतर आबा थांबत. आवाज चिरका झाला होता, पण ओळखू येत होता. शेवटी त्यांनी खुर्चीत ताठ बसून किनाऱ्यावरची आरोळी दिली, "ओढा रे, ओढा! सोडू नकात!" कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला आणि ताई तो घ्यायला फाटकापाशी गेल्या. आबांनी मला माइक चालूच ठेवण्याची खूण केली आणि आणखी एक वाक्य बोलले. मग हात हलवून, पुरे, असे सांगितले. पाटीवर लिहिले, 'तिका सांगू नकात.' मी ते पाळले, आणि फोनवरची बटणे करणाऱ्या स्नेहानेही.

ताईंनी त्याच आठवड्यात रापण उघडली. आता जुळणी केलेला माल आणि मूळ फाइली यांना वेगवेगळी फोल्डरे असतात, आणि प्रत्येक प्रकारच्या संगणकाचा माल आपापल्या फोल्डरात जातो. एका संगणकावर जी नावे वेगळी आणि दुसऱ्यावर एक होतील, त्यांचा पत्ता रापण आधीच लावते. आणि आपण स्वतः तयार न केलेली कोणतीही वस्तू ती पुसत नाही. तशी वस्तू वाटेत आली तर थांबते आणि विचारते. मराठीतून वापरणाऱ्यांना तेव्हा पडद्यावर दिसते: 'पाण्यात दुसऱ्याची रापण आहे. थांबलो आहे. काय करू?' नवी आवृत्ती जाहीर करताना ताईंनी झालेली चूक सगळ्यांसमोर सविस्तर लिहिली. त्यात स्नेहाचे नाव कुठेही नाही.

या बघण्यापायी रापण थोडी सावकाश झाली. पुष्कळांनी कुरकुर केली. तुमचे अवजार म्हातारे झाले, असे एकाने लिहिले. ताईंनी त्याला उत्तर पाठवले, "होय, मीही होते आहे, म्हणूनच पाऊल बघून टाकते." त्या गृहस्थांना पेटी पाठवली की नाही, हे मला ठाऊक नाही.

आबांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. ते गोव्याहून घरी आले तरी ताई त्यांना भेटायला गेल्या नाहीत. माहेरी गेल्या तरी मागच्या दाराने जात, कुंपणाच्या बाजूला फिरकत नसत. आम्ही दोनदा सुचवून पाहिले. "कोणत्या तोंडाने जाऊ?" एवढेच त्या म्हणत. एवढ्या कडक बाईंना असे चोरासारखे वागताना पाहून आम्हाला फार वाईट वाटायचे.

एका सकाळी भावाकडे नारळ पाडायचे होते. पाडेली माडावर चढलेला, मागच्या अंगणात नारळ पडत असलेले, त्यामुळे ताईंना पुढच्या बाजूने, कुंपणालगत जावे लागले. मी पोती धरायला बरोबर होतो. आबा त्यांच्या खळ्यात बसलेले, गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी ताईंना पाहिले. ताईंनी मान खाली घातली आणि पाय उचलला. आबांनी खिशातून फोन काढला, तोंडापुढे धरल्यासारखा उंच धरला आणि बटण दाबले.

"मंदा गो, चाय पिवन जा!"

चिरका, पण त्यांचाच आवाज. लहानपणी दोर सोडून घरी निघालेल्या मुलीला ते तशीच हाक मारत असणार. ताई जागच्या जागी थांबल्या. ज्या दिवशी आबांकडे फार थोडे शब्द उरले होते, आणि तेही ताईंच्याच चुकीमुळे, त्या दिवशी आबांनी पाणी आणि औषध मागायचे सोडून ताईंच्या चहासाठी आवाज खर्च केला होता. हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग कुंपणाचे फाटक त्यांनी कधी उघडले, ते मला दिसलेच नाही. मी पोते धरून उभा होतो आणि माझेही डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आत काकींनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "इतके दिवस खंय होतंस गो? ह्ये रोज ता बटण दाबून बघीत."

तेव्हापासून मंदाताई मिठबावला गेल्या की आधी आबांकडे जातात. मागच्या वाटेवर आता गवत वाढले आहे. साठीच्या समारंभाला आबाही यायचे आहेत. भाषण करणार का, असे मी पाटीवर लिहून विचारले. ते बहिरे नाहीत, तरी आमची सगळ्यांचीच आता तशी सवय झाली आहे. त्यांनी हसून फोनवर थोपटले.

कार्यालयात ताईंनी नव्या मुलांना शिकवायला घेतले आहे. त्या अजून चिठ्ठ्या स्वतः चिकटवतात आणि 'फायनल' नावाच्या फाइली अजून उघडत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्या वाडीतल्या बाबूंबद्दल विचारतात. रापणीचे पुढे काय, याची काळजी त्यांना नाही. दोराला पुष्कळ हात लागलेले आहेत, असे त्या म्हणतात.

आम्हा सर्वांना त्यांच्या पुढच्या वर्षांसाठी पुष्कळ काही मागायचे आहे. गुडघे धडधाकट राहावेत, नजर शाबूत राहावी, तिन्ही सुना एका टेबलावर भांडत नांदाव्यात. माझे मागणे एवढेच. मिठबावच्या त्या खळ्यातून ती हाक येत राहो, आबांच्या अंगठ्यात बटण दाबायचे बळ राहो, आणि पुढची अनेक वर्षे कुंपणाअलीकडून मंदाताईंचा खणखणीत आवाज ऐकू येत राहो:

"इलंय, आबानू!"